तळावरची वस्ती: कोकणातील जहाजे आणि समुद्रजीवांचा क्रम

समुद्राच्या पाण्यात सोडलेली टणक वस्तू फार दिवस कोरी राहत नाही. खडक असो, किल्ल्याचा तट असो, धक्क्याचा खांब असो की जहाजाचा तळ, त्यावर जीवांची वस्ती होतेच, आणि ती बहुधा एका क्रमाने होते. पाण्यात विरघळलेली प्रथिने आणि इतर सेंद्रिय द्रव्ये काही मिनिटांतच पृष्ठभागाला चिकटतात. त्या न दिसणाऱ्या लेपावर काही तासांत जीवाणू बसतात आणि आपल्याभोवती चिकट द्रव पाझरू लागतात. दोन-चार दिवसांत डायटम, म्हणजे सिकतामय कवचाची एकपेशीय शैवाले, त्या चिकट थरात रुततात. बोट फिरवले तर बुळबुळीत लागणारा तपकिरी थर तो हाच. पुढच्या एक-दोन आठवड्यांत पाण्यात तरंगणारे डिंभ, म्हणजे प्राण्यांची बाल्यावस्थेतील रूपे, येऊन टेकतात: बार्नॅकल, झाडाच्या फांदीसारखे वाढणारे हायड्रॉइड, जाळीदार पापुद्र्यासारखे पसरणारे ब्रायोझोआ, चुन्याच्या वेड्यावाकड्या नळ्या करून राहणारे कृमी. काही महिने कोणी हात लावला नाही तर त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये स्पंज, पिशवीसारख्या शरीराचे ॲसिडियन, शिनाणे आणि कालवे जागा धरतात, आणि मूळचे लाकूड किंवा दगड दिसेनासा होतो. एका वस्तीने दुसरीची जागा घेत जाण्याच्या या प्रकाराला पर्यावरणशास्त्रात अनुक्रमण म्हणतात.

या वस्तीत बार्नॅकलचे स्थान मोठे आहे. पुढे कायमचा एका जागी जखडला जाणारा हा प्राणी लहानपणी मोकळा पोहत असतो. डिंभाच्या सहा अवस्थांत तो खातो आणि वाढतो. सातवी अवस्था मात्र काहीच खात नाही. तिचे काम एकच, जागा शोधणे. पुढच्या दोन शृंगिकांनी पृष्ठभाग चाचपत ती चालते, पसंत न पडल्यास सोडून देते, आपल्याच जातीचे प्रौढ जवळ असल्याची खूण मिळाली की तिथे थांबते आणि डोक्याकडच्या बाजूने स्वतःला सिमेंटने चिकटवून घेते. एवढ्या छोट्या जिवाने अन्नाविना, मर्यादित वेळात घेतलेला हा निर्णय पुन्हा बदलता येत नाही. खलाशांना छळणाऱ्या त्या टोकदार पांढऱ्या शंकूंच्या मागे इतकी चिकित्सा असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गोड्या पाण्यातही अनुक्रमण होते, पण ते अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखे वाटते. पुण्यात शनिवार पेठेतील ओंकारेश्वराजवळ मुठेच्या काठचा दगड पावसाळ्यात निसरडा होतो, तो जीवाणू आणि शैवालांच्या अशाच थरामुळे. मात्र त्या थरावर बार्नॅकल येत नाहीत, कालवे येत नाहीत, ॲसिडियन येत नाहीत. दगडासारखी कठीण आणि वर्षानुवर्षे वाढत जाणारी वस्ती हे मुख्यतः खाऱ्या आणि मचूळ पाण्याचे वैशिष्ट्य आहे. पुण्याला समुद्र नाही. तरीही अठराव्या शतकात या वस्तीशी शनिवार पेठेचा व्यवहाराचा संबंध आला, कारण कोकणातील एका मोठ्या आरमाराचा कारभार याच पेठेतून चाले.

खडक आणि जहाज यांत एक मूलभूत फरक आहे. मालवणच्या खडकावर वस्ती वाढली तर ती खडकाची शोभा ठरते, जहाजाच्या तळावर वाढली तर जहाज अडते. बुळबुळीत थरानेसुद्धा पाण्याचे घर्षण वाढते. चुन्याच्या कवचांची दाट वस्ती झाली तर भार किती पडतो, याचे गणित एम. पी. शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका अमेरिकी युद्धनौकेच्या आकारावर मांडले. नेहमीच्या वेगाने जाण्यासाठी लागणारी शक्ती जाड चिकट थराने सुमारे २१ टक्के आणि दाट कवचांनी सुमारे ८६ टक्के वाढते, असे त्यातून निघाले. शिडाच्या जहाजाला शक्ती वाढवण्याची सोय नव्हती. वारा आहे तेवढाच, म्हणून वेग कमी होई. पाठलाग करणाऱ्याची शिकार निसटे आणि पळणाऱ्याचा जीव धोक्यात येई. त्याच्या जोडीला टेरेडो होता. त्याला जहाजाचा किडा म्हणतात, पण तो खरे तर लांबट शरीराचा शिंपला आहे. तो लाकडावर न बसता लाकडात शिरतो, बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत तिची चाळण झालेली असते.

यावर लाकडी जहाजांच्या काळात फार दिवस खात्रीचा उपाय एकच होता: जहाज पाण्याबाहेर काढणे. भरतीला ते उथळ किनाऱ्यावर आणायचे, ओहोटीला एका कुशीवर कलू द्यायचे, उघडा पडलेला तळ खरवडायचा, सुक्या गवताच्या जाळाने शेकायचा, सांधी बुजवायच्या, त्यावर तेला-चुन्याचा लेप द्यायचा, आणि मग दुसरी कूस. अनुक्रमणाच्या भाषेत सांगायचे तर माणूस दरवेळी पाटी पुसून कोरी करीत होता आणि समुद्र त्याच दिवशी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करीत होता.

कोकणात ही पाटी कधी पुसायची हे पावसाळा ठरवी. जूनपासून दर्यावर गलबत घालणे शक्य नसे, म्हणून होड्या आणि तारवे ओढून घेत, झापांनी शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटीत. मराठ्यांच्या आरमारानेही हीच रीत राज्यकारभाराच्या नियमात बसवली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळे प्रकरण आहे. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधी आरमाराने किल्ल्याच्या आश्रयाला छावणीस यावे, असे त्यात बजावले आहे. जहाजांसाठी सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशीही ताकीद त्यात आहे. या छावणीचा उद्देश वादळापासून बचाव हा होता. तरी तिचा जैविक परिणाम मोठा असणार. पाण्याबाहेर वाळत पडलेल्या तळावरची सगळी वस्ती मरते. खाडीतच नांगरून राहिलेल्या तारवालाही पावसाळ्यात वेगळे पाणी लागते. सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्यांमुळे खाड्यांचे पाणी गोडे आणि गढूळ होते, आणि खाऱ्या पाण्याला सरावलेल्या बऱ्याच जीवांना ते सोसत नाही. त्यामुळे कोकणातील तळावरच्या वस्तीचे आयुष्य साधारण आठ महिन्यांचे. अटलांटिक ओलांडून वर्षानुवर्षे उष्ण समुद्रांत फिरणाऱ्या युरोपी जहाजांना असा वार्षिक सुटकेचा काळ मिळत नसे.

मोठ्या गुराबांना, म्हणजे डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजांना, वाळूवर कलते करणे सोपे नव्हते. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंतची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपासची सांगितली आहे. गलबते त्यामानाने हलकी, बहुधा ७० टनांच्या आत, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी हाकता येणारी. अशा जहाजांसाठी मराठ्यांच्या आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांनी विजयदुर्ग किल्ल्याच्या वरच्या अंगाला, वाघोटण खाडीत गिर्ये येथे गोदी केली. काही भाग खडकात खोदलेला आणि काही बांधून काढलेला, लांबी सुमारे १०९ मीटर आणि रुंदी सुमारे ७० मीटर. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरले की तळाचे काम करायचे, अशा बेताची ही जागा आहे. किल्ल्याच्या तटांची वर्णने पुष्कळ झाली. या गोदीकडे मात्र फार कमी लक्ष गेले, आणि ते बरोबर नाही. आरमाराची धमक जितकी तोफांत असते तितकीच तळ स्वच्छ ठेवण्याच्या सोयीत असते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात विजयदुर्गाखाली नांगरलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती ती नानासाहेब पेशव्यांनी. मराठ्यांच्या समुद्री सत्तेला त्या एका निर्णयाने बसलेला धक्का पुढे कधीच पुरता भरून निघाला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, आणि तेथील सुभा आरमाराची सूत्रे पुण्यास, म्हणजे १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यात आली. धुळप घराण्याच्या हाताखाली हे आरमार अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फिरत राहिले. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेंजर’ जहाज पकडले, ते याच आरमाराच्या बळावर. घाटावरच्या राजधानीला घोडदळ जसे डोळ्यांसमोर दिसे तसा जहाजाचा तळ दिसत नसे. त्या तळाचे काम विजयदुर्ग आणि वाघोटणच्या सुतारांवर सोपवलेले होते.

याच काळात मुंबईत दुसरी पद्धत उभी राहत होती. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली कंपनीची कोरडी गोदी १७५० मध्ये पुरी झाली, आणि १७६० च्या दशकात तिला आणखी दोन भाग जोडले गेले. मुंबईच्या बंदरात उधाणाची भरती-ओहोटी सुमारे पाच मीटरपर्यंत जाते. दरवाजा लावून पाणी बाहेर सोडता येईल अशी गोदी बांधायला हा फरक फार उपयोगी पडला. जहाज कलते करावे लागत नसे. ते ठोकळ्यांवर सरळ उभे राही आणि दोन्ही कुशी एकदम साफ होत. पुढे १८१० पर्यंत डंकन गोदी झाली. वाडियांनी सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागवान टेरेडोला ओकापेक्षा चांगला टिकाव देते, ही ख्याती मुंबईच्या गोदीला फार कामास आली.

लाकडावरची वस्ती थांबवणारा पहिला खरा शोध तांब्याचा. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या फ्रिगेटचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवून ती वेस्ट इंडीजकडे धाडली. तळ स्वच्छ राहिला, टेरेडोही शिरला नाही. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यात झपाट्याने झिजले. खिळ्यांचा प्रश्न सुटायला वेळ गेला आणि १७७९ ते १७८१ या वर्षांत ब्रिटिश आरमारातील बहुतेक जहाजे तांब्याने मढली. तांबे काय करते हे कळायला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली, आणि ते कळले एका अपयशातून. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याची झीज थांबवण्यासाठी पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. ज्या जहाजांवर ती वापरली त्यांत कोचीनला बांधलेली ‘समरांग’ही होती. झीज खरोखरच थांबली, आणि तांब्यावर शेवाळ व बार्नॅकल वाढू लागले. तांबे विरघळते म्हणूनच ते तळ राखते, हा त्यातून निघालेला धडा. क्रमातील पहिले जीव तांब्याच्या आयनांनी मरतात किंवा टेकतच नाहीत, आणि पुढची साखळी लांबते. इलाज बिनचूक होता, फक्त आजार चुकीचा धरला होता.

लोखंडी जहाजे आल्यावर तांब्याचा पत्रा लावणे अशक्य झाले, कारण तांब्याच्या सहवासात तळच गंजू लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हणून विषारी रंग आले. त्यांत तांब्याची संयुगे असत, काहींत पारा आणि सोमलही.

या जीवांचे शास्त्र व्यवहाराच्या बरेच मागे राहिले. लिनीयस बार्नॅकलला शिंपल्यांच्या गटात धरीत असे. १८३० च्या सुमारास जॉन वॉन टॉम्प्सन यांनी त्यांचे पोहणारे डिंभ पाहिले आणि ते खेकडे-कोळंबीच्या नात्यातले आहेत हे दाखवले. चार्ल्स डार्विन यांनी आठ वर्षे या एकाच गटावर घालवून १८५१ आणि १८५४ मध्ये आपले ग्रंथ काढले. कोकणातल्या बंदरांत तळांवर सर्रास आढळणाऱ्या पट्टेदार बार्नॅकलचे, ॲम्फिट्राइटचे, वर्णनही डार्विन यांचेच.

क्रमाचा अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. काच, लाकूड किंवा धातूच्या छोट्या पट्ट्या पाण्यात टांगायच्या, काही दर महिन्याला काढायच्या, काही वर्षभर तशाच ठेवायच्या. महिन्याच्या पट्टीवरून त्या ऋतूत कोणाचे डिंभ उपलब्ध आहेत ते कळते आणि वर्षाच्या पट्टीवरून कोण कोणाला हटवतो ते. कॅलिफोर्नियाच्या न्यूपोर्ट बंदरात ब्रॅडली शीअर यांनी १९४५ मध्ये जीवाणूंपासून शिनाण्यांपर्यंतचा क्रम मांडला. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये जमिनीवरील वनस्पतींसाठी सांगितलेली, ठरलेल्या अखेरच्या वस्तीकडे जाणारी वाटचाल पाण्यातही सापडली असे त्यामुळे वाटले.

भारतात हे काम मद्रास बंदरात पॉल यांनी १९४२ च्या सुमारास आणि पुढे डॅनियल यांनी केले. महाराष्ट्रात त्याचे केंद्र झाले मुंबईच्या नौदल गोदीतली रसायन व धातुशास्त्र प्रयोगशाळा, जी आज नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा म्हणून अंबरनाथला आहे. वाडियांच्या गोदीशेजारीच बसून अ. अ. करंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई बंदरातील बार्नॅकलांच्या जाती आणि पट्ट्यांवरची वस्ती यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर मराठवाडा विद्यापीठात रा. नागभूषणम आणि रा. सरोजिनी यांनी सागरी जीवांनी होणाऱ्या नासधुशीचा अभ्यास चालवला. या विषयावरचा १९८८ चा एक मोठा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या सहसंपादनाखाली निघाला. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) जुवारीच्या मुखाशी आणि मुंबई हायच्या तेल-फलाटांवर हेच काम केले.

या पट्ट्यांनी क्लेमेंट्सची कल्पना डळमळवली. उत्तर कॅरोलायनातील ब्यूफर्ट येथे सदरलँड आणि कार्लसन यांनी १९७७ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या महिन्यांत टांगलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या वस्त्यांकडे जातात. पट्टी पाण्यात पडली त्या दिवशी कोणाचे डिंभ हजर होते, यावर पुढचे बरेच ठरते. त्याच वर्षी जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लॅटियर यांनी तीन वाटा मांडल्या. पहिल्या वाटेत आधीचे जीव नंतरच्यांसाठी जागा तयार करतात, जसा चिकट थर काही डिंभांना आमंत्रण देतो. दुसरीत नंतरचे आधीच्यांना दाद न देता सावकाश वाढतात. तिसरीत जो आधी बसला तो इतरांना अडवतो आणि तो मरेपर्यंत किंवा उखडला जाईपर्यंत जागा सोडत नाही. कठीण पृष्ठभागावर ही तिसरी वाट बऱ्याचदा दिसते, कारण तिथे भांडण जागेचे असते. अन्न पाण्यातून वाहत येते, जागा मात्र वाहत येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा दरवर्षी ही जागा मोकळी करतो, म्हणून इथल्या खाड्यांतील वस्ती अखेरच्या टप्प्यापर्यंत पोचण्याआधीच पुन्हा मांडली जाते. समशीतोष्ण समुद्रांत बसवलेली सूत्रे कोकणाला जशीच्या तशी लावणे त्यामुळे धोक्याचे आहे.

जहाजाचा तळ हा फिरता खडक असल्याने तो वस्तीलाही फिरवतो. मध्य अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा मायटिलॉप्सिस साली हा छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला. १९७५ मध्ये करंदे आणि मेनन यांनी मुंबईतही त्याची नोंद केली आणि भारतीय बंदरांतला तो नवा पाहुणा असल्याचे लिहिले. खारे, मचूळ, घाणेरडे अशा सर्व पाण्यांत तो तग धरतो आणि मूळच्या वस्तीवर दाट थर चढवतो. शिडांच्या काळात असे किती जीव इकडून तिकडे गेले असतील त्याची नोंद कोणीच ठेवली नाही. म्हणून अनेक बार्नॅकलांचे मूळ घर कोणते हे आता ठामपणे सांगता येत नाही.

विषारी रंगांचा कळस झाला तो कथिलाच्या सेंद्रिय संयुगांनी. १९६० च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिनचे रंग जगभर पसरले. तळ वर्षानुवर्षे स्वच्छ राहू लागले, पण फ्रान्सच्या आर्कशाँ उपसागरातील कालवांची कवचे वेडीवाकडी जाड झाली आणि पैदास कोलमडली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर हे रंग बंद केले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानंतर तांब्याचे रंग पुन्हा पुढे आले, आणि त्यांच्या जोडीला सिलिकोनचे गुळगुळीत लेप, ज्यांवर जीव बसतात पण घट्ट धरू शकत नाहीत आणि जहाज वेगात आले की सुटून पडतात.

कोकणातील मासेमार होड्यांना मात्र जुनाच काळ लागू आहे. लाकडाच्या जागी आता फायबर आले, शिडाच्या जागी इंजिन. जून-जुलैच्या बंदीच्या दिवसांत होड्या अजूनही वाळूवर ओढल्या जातात, तळावरचे बार्नॅकल आणि कालवे खरवडले जातात, रंगाचा नवा हात बसतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पाण्यात लोटल्या जातात, आणि पहिल्या काही मिनिटांतच त्या कोऱ्या तळावर प्रथिनांचा लेप धरू लागतो.